डाव्या हाताचा माग

आमच्या फ्रिजच्या दारात, दह्याच्या भांड्याशेजारी, रंगीत स्लाइड फिल्मचा एक रोल कित्येक वर्षं पडून आहे. त्याची मुदत संपली, ती फिल्म काढणाऱ्या कंपनीनं ती बंद केली, मुंबईत जिथं मी धुवायला पाठवायचो त्या लॅबला कुलूप लागलं. दर दिवाळीच्या साफसफाईला आमची ही विचारते, "हे टाकू का आता?" मी म्हणतो, "असू दे की." ती म्हणते, "काय खायचंय का ते?" एवढ्यावर आमचं भांडण मिटतं आणि रोल पुन्हा दह्याशेजारी जातो.

परवा हे एका ओळखीच्या संपादकांना गमतीनं सांगितलं, तर ते म्हणाले, "काका, त्या फिल्मच्या गोड आठवणी लिहा ना आमच्या अंकासाठी." हो म्हणून बसलो. गोड आठवणी आहेत, नाही असं नाही. त्या आधी सांगून घेतो, कारण पुढं जे सांगायचंय ते गोड नाही.

आमच्या गावच्या सात रस्ता चौकाजवळ माझा स्टुडिओ होता. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. लग्नं, पासपोर्ट, बारसं हे सगळेच करायचे, मीही केलं. पण माझं खरं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांचं. चादरी, टॉवेल, नॅपकिन. परदेशी माल पाठवायचा म्हटलं की रंगीत कॅटलॉग लागे, कॅटलॉग छापायला प्रेसवाल्याला स्लाइडच लागे, आणि स्लाइड काढणारे गावात आम्ही मोजून दोघं. दुसरा दारू प्यायचा. म्हणजे उरलो मीच.

स्लाइड म्हणजे काय ते नव्या पोरांना सांगायला हवं. साध्या फिल्मची निगेटिव्ह निघते. तिच्यावर रंग उलटे असतात, मग कागदावर प्रिंट काढताना चूकभूल सुधारता येते. थोडा उजेड जास्त झाला, थोडा कमी झाला, लॅबवाला पोटात घालतो. स्लाइडमध्ये ती सोय नाही. जी फिल्म कॅमेऱ्यात होती तीच धुऊन, कापून, चौकटीत घालून हातात येते, खऱ्या रंगांत. नखाएवढं चित्र. उजेडासमोर धरलं की बघत बसावं असं. उजेडाचा अंदाज जरा चुकला की चादर फटफटीत नाहीतर काळीठिक्कर, आणि मग कपाळाला हात लावण्यापलीकडं काही करता येत नाही. दुसरी प्रत नाही. जी आहे ती हीच.

म्हणून ज्याला ती फिल्म जमली त्याच्या डोक्यात हवा जायची. माझ्याही गेली होती, खोटं कशाला बोलू. तिच्यातला लाल काय लाल होता! एक कारखानदार स्लाइड उजेडाच्या पेटीवर ठेवून शेजारी चादरीचा तुकडा धरायचे, एक डोळा मिटून भिंग लावायचे आणि म्हणायचे, "दत्ताभाऊ, आमच्या चादरीपेक्षा तुमचाच लाल बरा हाय. गिऱ्हाईक आल्यावर काय दाखवू आता?" रोल पार्सलनं मुंबईला जायचा, आठ-दहा दिवसांनी परत यायचा. तेवढे दिवस मला जेवण गोड लागायचं नाही. पाकीट फोडलं, पट्टी खिडकीसमोर धरली आणि रंग उतरलेले दिसले की मी दुकानात एकटाच "वा रे पठ्ठे!" म्हणायचो. स्वतःलाच.

आता माणसांचे फोटो. माळशिरसचे एक बागायतदार होते, धिप्पाड, झुबकेदार मिशांचे. कुठं तरी भिंतीवर पडणारे फोटो बघून आले होते, म्हणून मुलीच्या साखरपुड्याच्या स्लाइडी काढायला मला नेलं. अंगणात धोतर ताणून बांधलं, मी प्रोजेक्टर लावला, सगळी भावकी जमली. यांचा स्वतःचा फोटो पडद्यावर आला आणि हे ओरडले, "ह्यो मी न्हाय! माजी मिशी हिकडनं वर हाय, तिकडनं न्हाय. उलटं केलंय तुमी!" मी म्हणालो, "आण्णा, तुम्ही रोज आरशात बघता. आरशातलं तोंड उलटं असतं. जगाला दिसतो तो तुमचा चेहरा असा आहे. आरसा खोटा बोलतो, माझी फिल्म नाही." सगळी भावकी हसली. आण्णा बराच वेळ मिशी चाचपत बसले.

ते वाक्य मला फार आवडलं. त्यानंतर जो कोणी काउंटरवर आपला फोटो बघून "हा मी नाही वाटत" म्हणेल, त्याला मी ते ऐकवायचो. शंभरदा तरी ऐकवलं असेल. नव्वद टक्के माणसं आरशाच्या सवयीनंच बोलायची, त्यामुळे ते लागूही पडायचं. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर एकदा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेलचं कॅटलॉग करत होतो. मालकांचं नाव सांगत नाही, शेठ म्हणू. दुपारच्या आत काम आटपलं आणि रोलमध्ये दोन फोटो उरले. रोल अर्धवट ठेवायचा नाही, वाया घालवायचा नाही, हा माझा नेम. मागांच्या शेडमध्ये गेलो. छपराच्या पत्र्यातल्या काचेतून उन्हाचा एक पट्टा खाली येत होता आणि त्यात एक विणकर उभा होता. बनियन, हाफ पँट, केसांवर कापसाचा भुरा. नाव नरसय्या. गावाच्या पूर्व भागातल्या विणकर वस्तीतला, घरी तेलुगू बोलणारा, तिसऱ्या पिढीचा विणकर. मागांचा आवाज इतका की ओरडून बोलावं लागायचं. मी खुणेनं विचारलं, काढू का? तो लाजला. केसांवरून हात फिरवला, मागाला हात लावून उभा राहिला. दोन फोटो. एक डोळे मिटलेला, एक छान.

त्याच दुपारी त्याचा डोळा गेला.

मागावर धोटा असतो. लाकडी, वीतभर, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, पोटात सुताची कांडी. तो सुतांच्या मधून इकडून तिकडं पळत असतो, डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगानं. कधी तरी तो वाट सोडून उडतो. म्हणून पुढं सळ्यांची जाळी लावतात, तिला गार्ड म्हणतात. गार्ड नसला आणि धोटा उडाला, तर समोर जे असेल त्यात घुसतो. समोर नरसय्या होता.

नुकसानभरपाईचं प्रकरण कामगार कचेरीत गेलं. शेठचं म्हणणं, नरसय्याच्या मागाला गार्ड होता. शेजारचा माग दुरुस्तीला काढला होता, त्याचा गार्ड काढलेला होता, आणि तिथं जाऊ नका असं सगळ्यांना बजावलं होतं. हा तिथं गेला, बंद माग चालू करून खेळत बसला, त्याला आम्ही काय करणार? नरसय्याचं म्हणणं, मी माझ्याच मागावर होतो आणि माझ्याच मागाला गार्ड नव्हता, महिनाभर सांगत होतो. साक्ष द्यायला शेडमधला कोणी तयार नव्हता. नोकरी सगळ्यांनाच हवी होती. मग नरसय्याच्या वकिलांना कळलं की त्याच दिवशी एक फोटोवाला आला होता.

ते माझ्याकडं आले. मी स्लाइड शोधून दिली. चित्र स्वच्छ होतं. नरसय्या उभा, माग समोर, मागाला गार्ड नाही. वकिलांनी माझा हात धरला, "एवढा एक फोटो पुरे आहे आपल्याला." मी स्वतः तिची मोठी प्रिंट करून घेतली. शेठ माझे गिऱ्हाईक होते, तरी केली. हे मी आजवर अभिमानानं सांगत आलो. पुढचं सांगत नव्हतो.

सुनावणीला मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर स्लाइड आणि प्रिंट ठेवली. शेठच्या मॅनेजरनं प्रिंट उचलली, बघितली आणि हसला. म्हणाला, "साहेब, हा नरसय्याचा माग नाहीच. माग दोन तऱ्हेचे असतात. चालू करायचं हँडल डावीकडं असलं तर डाव्या हाताचा, उजवीकडं असलं तर उजव्या हाताचा. दोन्ही जोडीनं शेजारी लावतात, म्हणजे मधे उभं राहून एका माणसाला दोन्ही बघता येतात. नरसय्याचा डाव्या हाताचा. रजिस्टरला तसंच आहे. फोटोत हँडल बघा. उजवीकडं. हा दुरुस्तीला काढलेला माग आहे. तेच आम्ही सांगतोय की, हा तिथं गेला होता."

साहेबांनी नरसय्याला प्रिंट दिली. डाव्या डोळ्यावर पट्टी. उरलेल्या डोळ्यापाशी फोटो नेऊन तो किती तरी वेळ बघत राहिला. "मीच हाय की साहेब ह्यो," तो म्हणाला. "पन हँडल..." ज्याच्या हाताला मागाशिवाय दुसरं काही माहीत नाही, तो माणूस स्वतःच्या मागाबद्दल कोड्यात पडला. खोटं बोलायचं असतं तर बोलला असता. त्याला ते येत नव्हतं.

वकील चलाख होते. त्यांनी मला विचारलं, "फोटो उलटा छापला गेलाय, असं होऊ शकतं का?"

होऊ शकतं. स्लाइड ही काचेसारखी आरपार असते, मागच्या बाजूनं बघितलं तर डावं उजवीकडं जातं. म्हणूनच चौकटीत घालताना चमकदार बाजू आपल्याकडं आणि मंद बाजू पलीकडं ठेवून डाव्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका देतात. ठिपका बघून प्रिंट काढायची, ठिपका बघून प्रोजेक्टरला लावायची. ठिपके मी देत होतो, माझ्या हातानं, लाल शाईनं.

मी हे सगळं साहेबांना समजावून सांगितलं. सांगताना मला मजा येत होती. शेवटी म्हणालो, "साहेब, पंचवीस वर्षं झाली या धंद्यात. माझा ठिपका आजवर चुकला नाही."

तेवढ्यात मागं बाकावर बसलेली नरसय्याची बायको, लक्ष्मीबाई, उठून पुढं आली. पदर डोक्यावर. प्रिंट घेतली, मान तिरकी करून बघितली. म्हणाली, "हे आमचे न्हाईत."

"म्हणजे? दुसरा कुणी आहे का?" साहेब म्हणाले.

"तसं न्हवं. हेच हायेत. पन असे न्हाईत. काय तर येगळंच दिसायलंय. तोंड फिरवल्यागत. काय की, मला सांगता येईना."

माझ्या तोंडात वाक्य तयारच होतं. मी म्हणालो, "बाई, आरशातलं तोंड उलटं असतं. सवयीनं तेच खरं वाटतं. आरसा खोटा बोलतो, माझी फिल्म नाही."

साहेब हसले. मॅनेजर हसला. वकीलसुद्धा थोडे हसले. लक्ष्मीबाईनं प्रिंट टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली. साहेबांनी पुढची तारीख दिली.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. माझ्याच वाक्यावर मी अजून खूश होतो. पुढच्या बाकावर एक बाई नवऱ्याच्या कॉलरवरचा धागा काढत होती. मी सहज बघत होतो आणि एकदम लक्षात आलं. लक्ष्मीबाई नवऱ्याला आरशात कशाला बघेल? कोण बायको नवऱ्याला आरशात बघते? आपलं स्वतःचं तोंड तेवढं आपण आरशात बघतो. नरसय्याला फोटो बरोबर वाटला, कारण त्याला स्वतःचं तोंड उलटंच ठाऊक. खोलीत एकच माणूस असा होता ज्यानं ते तोंड वीस वर्षं समोरून बघितलं होतं, आणि तिला मी गप्प केलं होतं.

दुकान उघडलं. त्या रोलमधल्या नापास स्लाइडी माझ्याकडं राहिल्या होत्या. एका टॉवेलच्या कोपऱ्यात कारखान्याचं लेबल होतं. ठिपका डाव्या खालच्या कोपऱ्यात धरून बघितलं. लेबलावरची अक्षरं उलटी. दुसरी काढली, तिसरी काढली. अख्ख्या रोलचे ठिपके चुकले होते. टॉवेल डावीकडून काय, उजवीकडून काय, सारखाच. शेठनं निवडलेल्या स्लाइडी प्रेसवाल्यांनी चौकटीतून काढून आपल्या पद्धतीनं लावल्या, म्हणून तिथं बोंब झाली नाही. नरसय्याच्या फोटोत एकही अक्षर नव्हतं. बनियनला खिसासुद्धा नव्हता.

मग आठवलं. त्या रोलच्या चौकटी केल्या तेव्हा दुकानात दोन पाहुणे बसले होते आणि मी त्यांना माळशिरसच्या आण्णांच्या मिशीचा किस्सा रंगवून सांगत होतो. बोलता बोलता पहिला ठिपका चुकला, आणि पहिल्याकडं बघून बाकीचे दिले.

सुनावणीचा तो दिवस सोमवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांकडं जायचं, एवढंच काम. मंगळवारी गेलो नाही. म्हटलं, पुढची तारीख लांब आहे, घाई काय. बुधवारी शर्ट घालून निघालो आणि चौकातून परत आलो. डोळ्यांसमोर कारखानदार दिसत होते. "दत्ताभाऊंनी भर कचेरीत उलटा फोटो दाखवला म्हणे!" साहेबांसमोर मीच छाती काढून सांगितलं होतं, माझा ठिपका चुकत नाही. ते वाक्य गिळायला मला पाच दिवस लागले. कामाची भीती होती, शेठची भीती होती, पण खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी भीती हसण्याची होती. मी लोकांना हसवायचो. लोक मला हसलेले मला चालणार नव्हते.

शनिवारी वकिलांकडं न जाता आधी नरसय्याच्याच घरी गेलो. म्हटलं, त्याला सांगू, मग दोघं मिळून वकिलांकडं जाऊ. दारात लक्ष्मीबाई विड्या वळत बसली होती. आत नरसय्या भिंतीला टेकून. मला बघून उठायला लागला. मी म्हणालो, "बस, बस."

"साहेब, मिटलं आमचं," तो म्हणाला. "परवा दिशी सही केलो. शेठचा मानूस आला होता. म्हनला, फोटो तुमच्याच इरुद्ध हाय, तारखा करून काय मिळतंय, हे थोडं घ्या. वकील नगं म्हनत होते. पन फोटोच तसा आला तर काय करनार?"

"काय लिहून घेतलं?"

"बंद मागावर माझं काम नसताना गेलो, म्हनून." तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "मला तर आठवना साहेब. मी माझ्याच मागावर होतो असं वाटतंय. पन डोक्याला बी मार लागला की. गेलो असंन."

लक्ष्मीबाईनं चहा आणला. मी तो प्यालो. सांगायला तोंड उघडलं आणि "तब्येतीला जपा" म्हणालो. चपला घातल्या आणि आलो. सही झाली होती तरी वकिलांकडं जाता आलं असतं, काही तरी धडपड करता आली असती. नाही केली. असा मी माणूस आहे.

महिन्याभरानं कचेरीतून स्लाइड परत आली. चौकट फोडली, फिल्म फिरवून बसवली, ठिपका बरोबर कोपऱ्यात दिला. हँडल डावीकडं गेलं. मग ती डब्यात ठेवून दिली. शेठचं काम मी पुढं किती तरी वर्षं केलं. नरसय्याला पुन्हा मागावर कोणी घेतलं नाही. एका डोळ्यानं तुटलेला धागा दिसत नाही म्हणत. तो एका गोदामावर राखणीला बसायचा. रस्त्यात दिसला की तोच आधी हात जोडायचा.

फिल्म बंद झाल्याची बातमी आली तेव्हा जुने फोटोग्राफर हळहळले. दोघातिघांनी फोन केले, काय ते रंग, काय ती मजा. मीही हं हं केलं. आतून बरं वाटलं होतं. आता कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की फोटो उलटा, परत दाबलं की सुलटा. ठिपक्याचं नावच नको.

यंदा उन्हाळ्यात नरसय्या गेला. तेराव्यानंतर लक्ष्मीबाई घर शोधत माझ्याकडं आली. वाकली होती. "भाऊ, ह्यांचा चांगला फोटो एक बी न्हाई. भिंतीला लावायला पायजे. तुमी काढला होता बगा, कारखान्यात."

डबा काढला. माझ्या मुलानं स्लाइड कॉम्प्युटरवर घेऊन मोठी प्रिंट आणून दिली. इतक्या वर्षांनीही बनियन तसंच पांढरं, केसांतला कापूस तसाच. म्हणाल तर हीच त्या फिल्मची गोड आठवण. लक्ष्मीबाईनं प्रिंट दोन्ही हातांत धरली आणि तिच्या तोंडून एकदम निघालं, "हां! हे हायेत आमचे."

पदरानं डोळे पुसले. मग थांबली. पुन्हा बघितलं.

"भाऊ, त्या वक्ताला कचेरीत दाखवलेला तो ह्योच न्हवं?"

"हाच."

"मग तवा तसा कशापायी दिसला?"

आरशाचं वाक्य अजूनही जिभेवर आलं. इतकी सवय. ते गिळलं आणि सगळं सांगितलं. ठिपका, टॉवेलचं लेबल, सोमवार ते शनिवार, चहा. आमची ही आतून सरबत घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

सांगून झाल्यावर लक्ष्मीबाई म्हणाली, "हे मला लई बोलायचे. म्हनायचे, तू भर कचेरीत हे आमचे न्हाईत म्हनलीस. बायकोच वळखंना, तर साहेब कसा इस्वास ठेवंल? मरेस्तवर बोलले. मला बी वाटायचं, माझ्यानंच झालं सगळं."

"माझं चुकलं, बाई."

तिनं प्रिंट पदरात गुंडाळली. सरबत घेतलं नाही. उंबऱ्याशी चपला शोधताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यास्नी सांगायचं होतं, भाऊ. एकडाव तरी. मला आता सांगून काय उपेग?"